किमान बळ शिकताना

पोलीस भरतीनंतरच्या मूलभूत प्रशिक्षणात कवायत, लाठी, मस्कट्री (बंदुकीचा सराव) आणि कायद्याचे वर्ग हे सारे झालेले असते. तरीही ठाण्यात हजर झाल्यावर एखाद्या माणसाला प्रत्यक्ष हात लावायची वेळ येते तेव्हा उपयोगी पडते ते बहुधा जुन्या हवालदारांचे पाहून उचललेले. मी तालुक्याच्या एका ठाण्यात अंमलदार आहे. आरोपी महिला असली, मोर्चात महिला पुढे असल्या किंवा नवरा-बायकोच्या भांडणात रात्री-अपरात्री दार वाजवायचे असले की बोलावणे आम्हा दोघीतिघींनाच येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय न्याय संहिता लागू झाल्या, जिल्ह्याजिल्ह्यांत सेवांतर्गत वर्ग निघाले, आणि त्यांतले बरेचसे जुन्या कलमासमोर नवा क्रमांक लिहून घेण्यातच संपले. त्यानंतर माझे नाव गेले ते बळाचा वापर आणि स्वसंरक्षण या विषयाच्या निवासी प्रशिक्षणासाठी. त्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले याचे कारण असे की मारायचे कसे हे तिथे फार थोडे शिकवले गेले. कधी थांबायचे आणि ते थांबणे हाताच्या अंगवळणी कसे पाडायचे, यावरच सगळा घाम निघाला.

आमच्या खात्यात प्रशिक्षणाचे दोन भाग पूर्वापार वेगळे आहेत. सकाळी मैदानावर उस्ताद, दुपारी वर्गात विधी निदेशक, म्हणजे कायदा शिकवणारे. उस्ताद कलमे सांगत नाहीत, निदेशक मैदानावर उतरत नाहीत, आणि जेवणानंतरच्या तासाला कायदा डुलक्यांमध्ये वाहून जातो. इथे पहिल्याच सकाळी विधी निदेशक ट्रॅकसूट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून मॅटच्या कडेला उभे होते. जोडीचा सराव ऐन रंगात आला की ते शिट्टी वाजवीत, ज्याचा हात जिथे असेल तिथेच थांबवीत आणि विचारीत, "समोरचा या क्षणी काय करतोय? तुमचा हात तिथे कशासाठी आहे?" उत्तर पटले नाही तर पकड सोडून पहिल्यापासून सुरुवात. तुकडीत पंचविशीतल्या मुलींपासून निवृत्तीला टेकलेल्या सहायक फौजदारांपर्यंत सगळे होते, आणि या शिट्टीचा सर्वांत जास्त वैताग ज्येष्ठांनाच येई. इतकी वर्षे बंदोबस्त केला, आरोपी धरले, आता मॅटवर पोरांसमोर खुलासे द्यायचे, ही त्यांची तक्रार जेवणाच्या रांगेत उघडपणे चाले. मला मात्र ती शिट्टी पहिल्या दिवसापासून पटली, कारण ठाण्यात बळाबद्दलचे सगळे प्रश्न काम उरकल्यावर विचारले जातात, आणि तेव्हा हात जिथे जायचा तिथे जाऊन आलेला असतो.

कायद्याचा पाया थोडक्यात असा. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४३ सांगते की समोरचा माणूस शब्दाने किंवा कृतीने स्वाधीन होत नसेल तरच अटकेसाठी त्याच्या शरीराला हात लावायचा. स्त्रीला अटकेची तोंडी कल्पना दिली की ती स्वाधीन झाली असे गृहीत धरायचे आणि परिस्थितीची निकड नसेल तर पुरुष पोलिसाने तिला स्पर्शही करायचा नाही. कोणी जोर लावून विरोध करू लागला किंवा निसटू पाहू लागला, तर अटकेसाठी आवश्यक ते सर्व उपाय योजता येतात. मात्र मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या शिक्षेस पात्र गुन्ह्याचा आरोप ज्याच्यावर नाही, अशाचा जीव घेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. पुढे कलम ४६ आहे: पळून जाऊ नये यासाठी लागेल त्यापेक्षा जास्त जखडायचे नाही. स्वतःच्या बचावाचा हक्क वेगळा, तो न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि तो पोलिसाला गणवेशामुळे मिळालेला नसून कोणाही नागरिकाला असतो तेवढाच आहे. बचावापुरती गरज असेल त्याहून अधिक इजा करायची नाही, ही त्याची मर्यादा कलम ३७ मध्ये आहे. निदेशकांचे म्हणणे असे की यांतल्या 'सर्व उपाय' या भागाची आठवण पोलिसाला करून द्यावी लागत नाही, बाकीचा भाग मात्र मॅटवर रोज घोकावा लागतो. माणूस खाली पडला, हातातली वस्तू सुटली, त्याने हात वर केले, या प्रत्येक क्षणी आपला आधार बदलतो, आणि मघाशी कायदेशीर असलेला तोच तडाखा आता गुन्हा होतो.

मैदानावर पहिला धडा पडण्याचा होता. कानातले, मंगळसूत्र, घड्याळ, पेन, शिट्टीची दोरी, सगळे काढून ठेवायचे, आणि मागे, कुशीवर, पुढे असे पडायला शिकायचे. हनुवटी छातीला, हाताचा तळवा आणि बाहू एकदम मॅटवर. त्यानंतर उभे राहणे. समोरच्यापासून दोन हात अंतर, अंग किंचित तिरके, कमरेचे हत्यार त्याच्यापासून दूरच्या बाजूला, आणि दोन्ही हात छातीच्या उंचीवर, तळवे उघडे. या उघड्या तळव्यांचे तीन उपयोग उस्तादांनी सांगितले: समोरच्याला धमकी वाटत नाही, वार आला तर हात आधीच वाटेत असतात, आणि आजूबाजूला जे पाचदहा मोबाइल चित्रीकरण करीत असतात त्यांतही समजावणारा पोलीसच दिसतो. तिसरे कारण ऐकून हशा पिकला. पण रस्त्यावरच्या कुठल्याही झटापटीचे चित्रीकरण आता होतेच, हे आम्हा सगळ्यांना चांगले माहीत होते.

धरलेले मनगट सोडवायचे ते धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या दिशेने, कारण मूठ तिथेच मिटत नाही. माझ्यापेक्षा कितीतरी थोराड सहकाऱ्याची पकड कोपर आत घेऊन, मनगटाची कड त्या फटीत आणून सुटते हे पहिल्यांदा अनुभवले तेव्हा एवढी साधी गोष्ट भरतीच्या वेळी कोणी का दाखवली नाही असे वाटले. आम्हा महिलांसाठी त्याहून कामाचा धडा केसांचा होता. महिलांच्या मोर्चात किंवा अटकेच्या वेळी आमचा अंबाडा धरला जातो, हे नेहमीचे आहे. ओढ बसली की माणूस मागे खेचला जातो आणि हिसडा देऊन सुटू पाहतो. त्यात मान दुखावते. इथे उलट करायला लावले. दोन्ही हातांनी धरणारीचा हात आपल्याच डोक्यावर घट्ट दाबून धरायचा, म्हणजे केसांवरचा ताण जातो, मग गुडघ्यात वाकून तिच्याकडे वळायचे, म्हणजे तिचे मनगट पिळले जाऊन मूठ सुटते. मूठ सुटली की निदेशकांची शिट्टी ठरलेली. "सुटली ना, ताई? मग आता तुम्ही तिचा हात का पिळताय?" रागाने ओढलेल्या केसांची आग डोक्यात असताना हात सोडून एक पाऊल मागे यायचे आणि "मावशी, खाली बसा" असे आवाज न चढवता म्हणायचे, हे करायला जोडीतल्या प्रत्येकीला जड गेले. पिळणे लगेच जमते, सोडणे जमायला वेळ लागतो.

बेड्यांचा धडा सर्वांत लांबला, आणि मला वाटते तो तसाच लांबायला हवा. प्रेमशंकर शुक्ला विरुद्ध दिल्ली प्रशासन या १९८० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरसकट बेड्या घालणे अमानुष ठरवले होते. नव्या संहितेच्या कलम ४३(३) ने सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, संघटित गुन्हेगारी, दहशतवाद, खून, बलात्कार, ॲसिड हल्ला अशा ठरावीक प्रकारांत गुन्ह्याचे गांभीर्य पाहून बेड्यांची मुभा दिली आहे. पहिल्यांदाच सापडलेल्या भुरट्या चोराला बेड्या घालून बाजारपेठेतून चालवणे त्यात बसत नाही, हे निदेशकांनी बजावले. काही मंडळींनी एकमेकांकडे पाहिले.

बेडी घालण्यात कसब आहे. हात पाठीमागे, तळवे बाहेरच्या बाजूला, किल्लीचे छिद्र बोटांना सापडणार नाही असे, आणि कडे मनगटाच्या हाडावर चढणार नाही अशा बेताने. कडे आणि मनगट यांच्यामध्ये करंगळीचे टोक जाईल एवढी फट राखायची आणि मग किल्लीच्या टोकाने बारीक खीळ दाबून दुसरे कुलूप लावायचे. हे दुसरे कुलूप लावले नाही तर जीपमध्ये बसताना, पाठ टेकताना कडे दात दात करीत आपोआप आवळत जाते. अंगठ्याच्या बाजूची नस दाबली जाऊन तो भाग कितीतरी दिवस बधिर राहू शकतो, आणि मग डॉक्टरांच्या कागदावर त्याची नोंद होते. शांतपणे उभे राहून हे सगळे कोणालाही जमते. उस्तादांनी आम्हाला आधी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, श्वास लागलेला असताना जोडीदार झटापट करील अशी सोय केली, आणि वर दोघातिघांना कडेला उभे राहून ओरडायला सांगितले. त्या गडबडीत बोटे अशी थरथरतात की खिळीचे छिद्र सापडत नाही. अंगात जोर मावत नसतो, आणि बारीक काम करणारी बोटे मात्र दगा देतात. म्हणूनच हा सराव दमलेल्या हातांनी करायचा.

बेडी लागली की मोहीम फत्ते झाली असे आपल्याला वाटते. पुढचे दोन मिनिट सर्वांत धोक्याचे असतात हे इथे अंगावर घेऊन कळले. प्रत्येकाला पालथे झोपवून, हात पाठीमागे बांधून, एका सहकाऱ्याचा गुडघा दोन खांद्यांच्या मध्ये थोडा वेळ ठेवला गेला. उस्ताद शेजारी उकिडवे बसून चेहऱ्याकडे पाहत होते आणि हाताने जमीन थोपटली की लगेच वजन काढायला सांगत होते. छाती खाली दबलेली, पोट दबलेले, पाठीवर वजन. बाहेर श्वास जातो, आत पुरेसा येत नाही. मग माणूस श्वासासाठी धडपडतो, आणि वरच्याला वाटते की अजून विरोधच चालू आहे, म्हणून तो आणखी दाबतो. मी त्या मॅटवर मान वळवायचा प्रयत्न केला तेव्हा माझ्यावर गुडघा ठेवलेल्या सहकारी ताईने आपसूक जोर वाढवला होता. नंतर विचारले तर तिला त्याचा पत्ताही नव्हता. "बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे" हे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ते खोटे आहे, कारण चार शब्द बोलण्यापुरती हवा असणे आणि जगण्यापुरती हवा मिळणे यांत अंतर आहे. अमेरिकेत मिनीॲपोलिस इथे २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड श्वास येत नाही असे सांगत असताना पोलीस अधिकारी डेरेक शॉव्हिनचा गुडघा त्याच्या मानेवर ९ मिनिटे २९ सेकंद होता, हे खटल्यात पुढे आले आणि एप्रिल २०२१ मध्ये शॉव्हिन दोषी ठरला. आपल्याकडचा दारू प्यालेला, पोट सुटलेला, पळून दमलेला माणूस याच धोक्यात असतो. नियम सोपा आहे: बेडी लागली की गुडघा उचलायचा, माणसाला कुशीवर वळवायचे, मग बसते करायचे, आणि एकाने फक्त त्याच्या चेहऱ्याकडे व श्वासाकडे पाहायचे. माझ्या मते संपूर्ण प्रशिक्षणातून एकच गोष्ट राज्यातल्या प्रत्येक ठाण्यात न्यायची ठरली तर हीच न्यावी.

प्रसंगांचा सराव शेवटच्या टप्प्यात आला. ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन आलेला आहे, दारू पिऊन नवरा घरात धिंगाणा घालतो आहे, त्याच्या हातात कोयता आहे. नवरा खुद्द उस्ताद झाले होते, कोयता लाकडी होता, आणि घर म्हणजे चार बाके व एक चौकट. त्याआधी त्यांनी खडूने जमिनीवर २१ फुटांची रेघ आखून दाखवली. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये मांडले होते की सुरा घेतलेला माणूस एवढे अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो, आणि तेवढाच वेळ प्रशिक्षित अधिकाऱ्याला पिस्तूल काढून गोळी झाडायला लागतो. आमच्यातल्या एका तरबेज फौजदारसाहेबांचे खोटे पिस्तूल होल्स्टरमधून जेमतेम बाहेर आले तोवर लाकडी कोयता त्यांच्या खांद्याला लागला होता. यावरून एकवीस फुटांच्या आत आलेल्यावर गोळी झाडावी असा अर्थ काढणारे अनेक आहेत. उस्तादांनी काढून दाखवला तो अर्थ नेमका उलटा होता. अंतर हेच आपले हत्यार आहे, म्हणून ते आधी मिळवायचे. चौकटीच्या आत पाऊल टाकायचे नाही, मध्ये बाक, मोटारसायकल, टेबल, जे असेल ते ठेवायचे, बायकोला आणि मुलांना बाहेर काढायचे, आणि बोलणारा एकच ठेवायचा.

हा शेवटचा मुद्दा ऐकायला किरकोळ वाटतो. पण पहिल्या जोड्यांत तिघे पोलीस एकदम ओरडत होते: एक म्हणे "कोयता टाक", दुसरा म्हणे "हलू नकोस", तिसरा म्हणे "बाहेर ये". दारूच्या नशेतल्या माणसाने काय करायचे? टाकायला हात हलवला तर हलला म्हणून लाठी बसणार. माझ्या पाळीत मी बोलणारी होते, दोघे सहकारी ढाल आणि लाठी घेऊन दोन्ही बाजूंना होते. "दादा, पोरं घाबरलीत, आधी ते खाली ठेवा, मग तुमचं सगळं ऐकते," हे मी इतक्या वेळा म्हटले की उस्ताद नंतर म्हणाले, कंटाळूनच ठेवला असता. त्यांनी कोयता खाली ठेवला, दोन पावले मागे सरकले आणि ठरल्याप्रमाणे अचानक शिवीगाळ सुरू केली. आमच्यातला एकजण त्या शिवीसरशी लाठी उगारून पुढे झाला, आणि शिट्टी वाजली. हत्यार जमिनीवर आहे, माणूस मागे सरकलेला आहे. शिवीला लाठी हे उत्तर कुठल्या कलमात आहे, या प्रश्नावर तो सहकारी बराच वेळ गप्प उभा होता. याच प्रसंगाच्या दुसऱ्या फेरीत नवरा मनोरुग्ण होता, आणि तिथे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चे कलम १०० लागू होते: अशा माणसाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे, कोठडीत टाकायचे नाही.

जमाव पांगवण्याचा सराव भरतीपासून ओळखीचा होता. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ प्रमाणे हुकूम कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा किंवा ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा, ते नसतील तर निदान फौजदार दर्जाच्या अधिकाऱ्याचा. ध्वनिक्षेपकावरून इशारा, पुरेसा वेळ, बाहेर पडायला एक वाट मोकळी, आणि मगच लाठी, तीही कमरेखाली. डोके, मान आणि गळ्याची हाडे वर्ज्य. नवा भाग उभे राहण्याचा होता. दुसरी तुकडी जमाव झाली, तिने ओल्या गोणपाटाचे गोळे फेकायला सुरुवात केली, आणि आम्हाला ढालींची भिंत करून हुकूम येईपर्यंत नुसते उभे राहायचे होते. गोळा हेल्मेटवर आदळतो, शेजारचीची ढाल थरथरते, समोरून नाव घेऊन टोमणे येतात, आणि लाठी हातात असून काही करायचे नसते. ज्यांना मैदानावरचे कच्चे दुवे म्हणून ओळखले जाते असे दोघे इथे शेवटपर्यंत पक्के राहिले, आणि कवायतीत पहिला असलेला एक गडी रांग मोडून धावला. धावणाऱ्याच्या मागे दोघे जातात, रांगेला खिंडार पडते, आणि त्या खिंडारातून जमाव आत शिरतो. खऱ्या दंगलीत पोलीस जखमी होतात ते बहुतेक असेच, हे राज्य राखीव पोलीस बलात आयुष्य काढलेल्या उस्तादांचे मत मला खरे वाटते.

अश्रुधुराचा अनुभव सर्वांना देतात, तो आम्हालाही मिळाला: डोळे चोळायचे नाहीत, वाऱ्याकडे तोंड करायचे, साध्या पाण्याने धुवायचे. गोळीबाराचा वर्ग त्यामानाने लहान होता. हुकमाशिवाय नाही, नेम कमरेखाली, लोकांच्या डोक्यावरून हवेत गोळी झाडायची नाही कारण ती लांब कोणाला तरी लागते, जखमींना आधी दवाखाना, रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब. पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाची चर्चा मात्र रंगली, कारण तो खटलाच मुंबईतल्या १९९५ ते १९९७ या काळातल्या ९९ चकमकी आणि त्यांतल्या सुमारे १३५ मृत्यूंवरून उभा राहिला होता. चकमकीचा तपास त्याच पथकाने करायचा नाही, मृत्यूची दंडाधिकारीय चौकशी व्हायलाच हवी, आणि घटनेनंतर लगोलग बढती किंवा शौर्यपदक नाही, असे न्यायालयाने सांगितले आहे. कोणीतरी मागून विचारले, मग जीव मुठीत धरून लढायचे कशासाठी? निदेशकांनी तुकाराम ओंबळे यांचे नाव घेतले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर या सहायक फौजदारांनी कसाबच्या एके-४७ ची नळी हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि त्या अवधीत सहकाऱ्यांनी लाठ्यांच्या बळावर त्याला जिवंत पकडले. त्याच्यावर खटला चालला, कटाचे धागेदोरे न्यायालयापुढे आले, आणि २०१२ मध्ये त्याला येरवड्यात फाशी झाली. ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले ते एका जिवंत पकडलेल्या आरोपीसाठी, एवढेच निदेशक म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

तो विषय होता अहवाल लिहिण्याचा, आणि मैदानावर न दमलेले लोक तिथे दमले. प्रत्येक प्रसंगानंतर लगेच स्टेशन डायरीची नोंद लिहायची होती. आमच्यातल्या बहुतेकांनी लिहिले, "आरोपीने विरोध केल्याने योग्य त्या बळाचा वापर करून ताब्यात घेतले." निदेशकांनी या ओळीवर लाल रेघ मारली, सगळ्यांच्याच. विरोध म्हणजे काय केले? कोणत्या हाताने? तुम्ही काय बोललात, किती वेळा? बळ म्हणजे हात, लाठी की बेडी, शरीराच्या कोणत्या भागावर, आणि कधी थांबवले? ज्या नोंदी पास झाल्या त्या अशा होत्या: आरोपीने उजव्या हाताने माझी कॉलर धरली, मी दोनदा सोडण्यास सांगितले, न सोडल्याने मनगट फिरवून हात सोडवला, त्यानंतर त्याने विरोध केला नाही, बेडी लावून दुसरे कुलूप लावले, लगेच बसते केले, उजव्या मनगटावर लाल वण दिसला. अटकेच्या वेळी अंगावर असलेल्या जखमा लिहून त्यावर दोघांच्या सह्या घेण्याचा दंडक डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या १९९६ च्या निकालापासून आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ ची वैद्यकीय तपासणी तर अटकेनंतर लगेच करायचीच असते. २०२० च्या परमवीरसिंग सैनी निकालानंतर ठाण्यांत कॅमेरे बसू लागले आहेत. डायरी एक सांगते आणि चित्रीकरण दुसरे, असे झाले की खरे काम केलेला पोलीसही खोटा ठरतो. प्रामाणिकपणे सांगायचे तर नोंदीचा हा आग्रह मला सुरुवातीला कारकुनी वाटला होता. पण पुढच्या प्रसंगात शिरताना आता हे लिहायचे आहे ही जाणीव असली की हात आपोआप मोजून पडतो, हे माझ्याच नव्हे तर पूर्ण तुकडीच्या लक्षात आले.

प्रशिक्षणात उणिवा होत्या. एवढ्या माणसांना मॅट अपुऱ्या होत्या, दुसरे कुलूप असलेल्या बेड्या मोजक्याच होत्या आणि खऱ्या ठाण्यात आहेत त्यांतल्या काही इतक्या जुन्या की त्यांचे दुसरे कुलूप लागतच नाही. सर्वांत मोठी उणीव ही की हे कसब वापरले नाही तर पाचसहा महिन्यांत विसरते, आणि फेरसरावाची काही सोय नाही. परत आल्यावर मी ठाण्यात विषय काढला. साहेबांनी शुक्रवारच्या परेडनंतर थोडा वेळ दिला आहे. तालुक्याच्या क्रीडासंकुलातून जुन्या दोन गाद्या मिळाल्या आहेत, आणि नादुरुस्त बेड्या बदलून मिळाव्यात म्हणून मागणीपत्र मुख्यालयाला गेले आहे. सध्या आम्ही फक्त तीन गोष्टींचा सराव करतो: पालथ्या माणसाला बेडी लागताच कुशीवर वळवणे, दुसरे कुलूप अंधारात लावणे, आणि बोलणारा एकच ठेवणे. ठाण्यातले एक ज्येष्ठ हवालदार अजून गादीवर यायला तयार नाहीत, पण जोडीतला कोणी वेळेत गुडघा उचलत नाही असे दिसले की खुर्चीत बसल्या जागेवरून शिट्टी तेच वाजवतात.